पट्टराणीची चढण

ही गोष्ट एकोणीसशे अडुसष्ट सालची. त्या वर्षी उन्हाळी सर अगदी वेळेवर आली, कॉफीच्या कळ्या टरारून फुगल्या आणि जो तो आपापल्या बागेकडे बघून खूश होता. एका घरात मात्र सगळ्यांची तोंडं उतरलेली होती. त्या घरामागच्या चढणीवरची कॉफी नुसती फुलायची, फळायची नाही. फूल असं यायचं की पांढरी चादर अंथरल्यासारखं वाटावं. मग फुलं तपकिरी पडून गळून जायची आणि मागे उरायचे रिकामे देठ. सलग दोन वर्षं हेच चाललं होतं.

चढण मामंजींची. मामंजी म्हणजे सूनबाईचे सासरे. कॉफीतला माणूस म्हणून त्यांचा शब्द चालायचा. ओंजळभर दाणे नाकाशी धरले की ते खळ्यावर नीट वाळलेत की पोत्यात दमट पडले, हे ते सांगून मोकळे व्हायचे. त्यांचा जीव रोबस्टावर, कॉफीच्या दणकट जातीवर. ॲरेबिका या दुसऱ्या, नाजूक जातीचं कोणी कौतुक केलं की ते मान दुसरीकडे वळवत.

"ती पाहुण्यांसमोर आणायची पोर," ते म्हणत. "जरा ऊन लागलं, कोमेजली. जरा कीड आली, अंथरूण धरलं. रोबस्टा म्हणजे घरचा गडी. दाणा बघ, गोल, बुटका, तोंडावर काही नाही. चव कडू, भाजलं की वास भिजल्या लाकडासारखा. पण पेल्यात दम पाहिजे ना? मग यालाच हाक मारा. वरचा फेस कोणाच्या जिवावर येतो वाटतं?"

सूनबाई लग्न होऊन आली तेव्हा तिच्या लेखी कॉफी म्हणजे डब्यातली पूड. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात सासरा, नवरा आणि ती, एवढीच माणसं. नवरा पंप आणि यंत्रं दुरुस्त करण्यात गुंग, त्यामुळे तिला शिकवायचं काम मामंजींनी आपल्याकडे घेतलं. तिला आधी वाटलं, सासरा म्हणजे धाकच असणार. पण पहिल्याच आठवड्यात ते तिला एका झाडापाशी घेऊन गेले आणि म्हणाले, "ही पट्टराणी. हिला नमस्कार कर न कर, पण ओळख ठेव."

पट्टराणी म्हणजे घराच्या मागच्या दाराशी असलेलं रोबस्टाचं झाड. दरवर्षी ती अशी लगडायची की फांद्यांना टेकू द्यावे लागत. तेव्हा चढणीवर मामंजींच्या वडिलांनी बी टाकून वाढवलेली जुनी झाडं होती. एकाचं पान लांब, दुसऱ्याचं आखूड, एक भरपूर देणारं, दुसरं नुसतंच वाढणारं. मामंजींच्या डोक्यात आलं, सगळ्याच झाडांची पट्टराणी का करू नये? त्यांनी चढणीवरची झाडं एकेक करून बुंध्यापाशी कापली, आणि फुटव्यांवर पट्टराणीचं कलम बांधलं. सूनबाई बसून पट्ट्या धरायची. कलमासाठी पट्टराणीचा सरळ वर जाणारा फुटवाच घ्यायचा, आडव्या फांदीचं कलम कायम आडवंच वाढतं, हे ती तेव्हाच शिकली. काम संपलं तेव्हा मामंजींची बोटं चिकाने काळी झाली होती आणि चेहरा नव्या नवरदेवासारखा होता.

एकच कलम धरलं नाही. चढणीच्या माथ्यावर, पाण्याच्या जुन्या टाकीपाशी. तिथे जुन्याच झाडाचा फुटवा मोकाट वाढला. मामंजी त्याला उडाणटप्पू म्हणत. ते कोयता घेऊन तो काढायला निघाले तेव्हा सूनबाई म्हणाली, "राहू दे ना मामंजी. वर चढून दमायला होतं, मी तिथे टेकते." मामंजींनी कोयता खाली ठेवला. "बरं. तुझी खुर्ची म्हणून राहू दे."

कलमं झकास वाढली. सगळी एकाच उंचीची, एकाच पानाची. बघायला लोक येत, वा वा करून जात. आणि मग फुलं आली, आणि फळ आलं नाही.

पहिल्या वर्षी मामंजी म्हणाले, झाडं लहान आहेत. दुसऱ्या वर्षी त्यांनी शेणखत घातलं, पेंड घातली, चुना घातला. सावलीची झाडं दाट झाली म्हणून छाटली, मग ऊन जास्त झालं म्हणून हळहळले. येणारेजाणारे हसू दाबत विचारायचे, "काय मालक, अत्तराचा कारखाना काढताय का?" मामंजीही हसायचे. पण घरी आल्यावर ते पट्टराणीकडे पाठ करून बसायचे, हे सूनबाईने पाहिलं होतं.

आता हे तिसरं फूल. मामंजींनी जेवताना शांतपणे सांगून टाकलं, "यंदाही तेच झालं तर चढण तोडायची. लाकूडतोड्याला बोलून ठेवलंय. मग गवताची जमीन म्हणून ती कोणीतरी घेईल."

नवऱ्याने भाताचा घास तसाच धरला. "मग मी शहरात वर्कशॉपचं बघू का? तिथला फोरमन मागे विचारत होता."

"बघ की. तुम्ही दोघं जा. मी आहे इथे."

सूनबाई वाढायची थांबली. मामंजी कुठे आहेत हे आजवर तिला कधी शोधावं लागलं नव्हतं. ते चढणीवरच असायचे. ती तुटली तर हा माणूस सकाळी उठून जाणार कुठे, ते तिला दिसेना. रात्री तिने नवऱ्याला तसं म्हटलं. तो म्हणाला, "मला कळत नाही का? पण फांदीला फळ मी यंत्राने चिकटवू?"

चढणीच्या खालच्या अंगाला कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे आत्याबाईंची बाग. आत्याबाई मामंजींच्या थोरल्या बहीण. वडिलांच्या जमिनीचे दोन भाग झाले, खालचा त्यांचा. त्यांनी कधी कलम बांधलं नाही की झाड निवडलं नाही. वडिलांची झाडं तशीच ठेवली, जिथे बी पडून रोप उगवलं तिथे ते वाढू दिलं. मामंजी त्याला भेसळबाग म्हणत. खळं मात्र दोघांचं एकच, फळं वाळवायचं फरसबंद अंगण. बऱ्याच वर्षांपूर्वी चार माणसांदेखत मामंजी बहिणीला म्हणाले होते, "तुझी भेसळ माझ्या ढिगाला लागू देऊ नकोस," आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी खळ्याच्या मधोमध विटांची ओळ मांडली होती. तेव्हापासून बहीणभाऊ एकमेकांशी बोलत नसत. म्हणजे बोलत, पण सूनबाईमार्फत.

त्या दिवशीही दोघं खळ्यावर आपापला ढीग फिरवत होते. हंगामाची शेवटची फळं, वाळून काळी पडलेली, फावड्याखाली खुळखुळत होती.

"सूनबाई, तुझ्या सासऱ्याला म्हणावं, विटा पुन्हा माझ्या बाजूला सरकल्यात."

मामंजी हाताच्या अंतरावर उभे. "तिला सांग, विटांना पाय नसतात."

"त्याला सांग, माणसांना असतात."

"तिला सांग, माझे पाय दुखतात, विटा ढकलायला मला वेळ नाही."

"त्याला सांग, पायांना तेल लाव. तोंडाला लावलंय तेवढं पुरे."

सूनबाई आधी आधी खरंच निरोप पोचवायची. आता ती नुसती इकडून तिकडे मान फिरवायची आणि आपलं काम करायची. पण त्या दिवशी आत्याबाईंचं फावडं मध्येच थांबलं. त्या कोणालाच न म्हणता म्हणाल्या, "चढण तोडणार म्हणे."

मामंजी ढिगाची तीच कड पुन्हा पुन्हा ओढत राहिले.

दुपारी सूनबाई चढणीवर गेली. चुकूनमाकून राहिलेली फळं नव्या फुलाआधी ओरबाडून काढायची असतात, नाहीतर त्यांत कीड राहते. मधल्या ओळींत काढायला होतंच काय! तरी तिने झाड अन् झाड पाहिलं. कळ्या वातींसारख्या ताठ उभ्या होत्या, एकदोन दिवसांत उघडतील अशा. माथ्यावर पोचल्यावर ती उडाणटप्पूखाली टेकली आणि टोपली मांडीवर घेतली. टोपलीत बऱ्यापैकी फळं होती.

ती फळांकडे बघत राहिली. हंगामभर तोडणी तिनेच केली होती. टोपली भरायची ती खालच्या कुंपणाशी. त्याचं कारण सगळ्यांना माहीत होतं, आत्याबाईंचा गोठा कुंपणाला लागून, त्याचं पाणी मुळाशी झिरपतं. कुंपणापासून वर जावं तसतसं फळ विरळ होत जायचं. पण मग अगदी माथ्यावर, याच टाकीभोवतीच्या झाडांवर, पुन्हा फळ असायचं. आजही होतं. ते उडाणटप्पूभोवती, कोणीतरी मूठभर दाणे फेकावेत तसं गोल पसरलेलं होतं. इथे कुठला गोठा?

ती उठून पुन्हा एकदा सगळीकडे फिरली. मग टोपली तिथेच ठेवून खाली आली.

मामंजी मागच्या पायरीवर बसले होते.

"मामंजी, एक विचारू?"

"विचार."

"कुंपणाशी फळ येतं ते गोठ्यामुळे ना?"

"मग आणखी कशामुळे?"

"वर टाकीपाशीही येतं. उडाणटप्पूच्या आजूबाजूला."

"टाकी झिरपत असेल."

"टाकी मी आल्यापासून कोरडी आहे."

मामंजींनी तिच्याकडे पाहिलं. मग ते वहाणा न घालताच उठले आणि चढू लागले. ती मागे धावली. वर पोचल्यावर त्यांनी उडाणटप्पूचं पान हातात घेतलं, शेजारच्या कलमाचं पान घेतलं, दोन्ही एकावर एक ठेवली. मग वळून खाली पाहिलं, सगळ्या ओळींवरून थेट कुंपणापर्यंत. नवरा कुठूनतरी बातमी लागून येऊन उभा राहिला होता.

"सूनबाई, कुंपणापलीकडे काय आहे?"

"आत्याबाईंची बाग."

"काय आहे बागेत?"

ती अडखळली. "भेसळ."

मामंजी टाकीच्या कठड्यावर बसले. मग अगदी हळू म्हणाले, "मला वाटलं, मी शेकडो झाडं लावली. मी एकच झाड शेकडो वेळा लावलं गं."

नवऱ्याला उलगडेना. "म्हणजे काय, अण्णा?"

"म्हणजे हिच्या फुलाला दुसऱ्या झाडाचं फूल पाहिजे. परक्याचा पराग पडला तरच फळ धरतं. इथे सगळी हीच. आरशापुढे बसल्यासारखी." ते थांबले. "जुनी झाडं होती तेव्हा पट्टराणी लगडायची. मी ती कापली, आणि तिचाही भार कमी झाला. बघतोय मी दोन वर्षं, आणि म्हणतोय, म्हातारी झाली."

त्या काळी त्या भागात हे कोणाला ठाऊक नव्हतं, कारण असा पसारा कोणी घातलाच नव्हता. सगळ्यांच्या बागा आपोआपच मिसळलेल्या. एकजात बाग करण्याइतका हौशी माणूस एकटे मामंजीच.

"मग आता?" नवऱ्याने विचारलं.

"फूल उद्या उघडेल. दोन दिवस टिकेल. त्यात परकं फूल इथे आलं पाहिजे. हा उडाणटप्पू एकटा किती पुरणार?"

"खाली आत्याकडे भरलंय की सगळं. फुललेल्या फांद्या कापून आणू, पाण्यात ठेवू, जागोजाग टांगू. मी जातो विचारायला."

"तू नको," मामंजी म्हणाले. "विटा मी मांडल्यात."

आत्याबाई ओसरीवर सूप घेऊन दाणे पाखडत बसल्या होत्या. मामंजी पायरीशी उभे राहिले, वर चढले नाहीत. सूनबाई त्यांच्या मागे.

"सूनबाई," आत्याबाई सुपातून मान न काढता म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्याला विचार, काय काम काढलं."

सूनबाईने तोंड उघडलं, पण मामंजींनी हाताने तिला थांबवलं.

"अक्का."

सूप थांबलं.

"फुललेल्या फांद्या पाहिजेत. पुष्कळ. जितक्या तऱ्हांची झाडं, तितक्या तऱ्हांच्या."

"फुललेल्या फांद्या कापल्या तर पुढच्या हंगामात माझ्या झाडांवर काय येणार?"

"त्या फांद्यांपुरतं काही नाही येणार."

"आणि कशाला पाहिजेत?"

मामंजींनी सांगितलं. टाकीचं, कुंपणाचं, एकच झाड शेकडो वेळा लावल्याचं. काही लपवलं नाही. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सूप बाजूला ठेवलं.

"म्हणजे माझी भेसळ पाहिजे तुला."

"हो."

"नीट म्हण."

"तुझी भेसळ पाहिजे मला, अक्का."

आत्याबाई हसायला लागल्या. आधी आवाज न करता, मग खांदे हलवून, मग डोळ्यांना पदर लावून. पदर डोळ्यांवरून लवकर खाली येईना, तेव्हा सूनबाई दुसरीकडे बघू लागली.

"हे ऐकायला एवढं म्हातारं व्हावं लागलं," त्या शेवटी म्हणाल्या. "ये वर. उभा काय राहिलास, उधारीवाल्यासारखा? आणि ऐक, कुठली फांदी कापायची ते मी सांगणार. तू माझ्या झाडांना हात लावायचा नाहीस. तू कापायला लागलास की बुंध्याशिवाय थांबत नाहीस."

दुसऱ्या दिवशी उजाडताना फूल उघडलं. दोन्ही बागा पावसाच्या एकाच सरीत भिजलेल्या, म्हणून दोन्हीकडे एकदमच. सगळ्या परिसरात वास असा भरला होता की श्वास घेतला तरी गोड लागावा. आत्याबाई पुढे, सूनबाई कात्री घेऊन मागे. "ही लांब पानाची घे. ही तांबड्या शेंड्याची घे. या म्हातारीची नको, तिला आधीच थोडं येतं. बरं घे, एक घे." एवढ्या मायेने कोणी आपलंच पीक कापताना सूनबाईने पुढे कधी पाहिलं नाही.

घरात जे जे पाणी धरेल ते सगळं चढणीवर गेलं. लोणच्याच्या बरण्या, औषधाच्या बाटल्या, तेलाचे डबे, अंघोळीचा तांब्या. नवऱ्याने तारेचे आकडे करून दिले. आठ पावलांवर एक डबा, त्यात पांढरी फांदी, असं करत करत चढण एखाद्या लग्नघरासारखी दिसायला लागली. बहीणभाऊ मधून चालत होते आणि सगळी वर्षं साठलेलं भांडण एका दमात भांडून घेत होते.

"हा डबा वाऱ्याच्या तोंडाला लाव."

"मला वारा शिकवतेस?"

"तुला झाडसुद्धा शिकवायला लागलं, वारा तर सोपा."

दुपारी वारा सुटला. पराग धुरासारखा उडालेला उन्हात दिसत होता. मधमाश्या बाटल्यांवरून झाडांवर, झाडांवरून बाटल्यांवर. सूनबाई फांद्या हलवत फिरत होती आणि तिच्या केसांवर, भुवयांवर पिवळी पूड बसली होती.

मामंजी दमून बसले. "आपल्या पुढच्या दाराशी ॲरेबिकाचं एक झाड आहे," ते म्हणाले. "एकटंच. कोणी सोबतीला नाही, आणि दरवर्षी फळतं. त्या नाजूक पोरीला मी नावं ठेवली. आणि हा दांडगा गडी, घरचा, दमाचा..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. सूनबाईने त्यांना पाण्याचा तांब्या दिला, मग आठवलं की त्यात फांदी आहे. आत्याबाई म्हणाल्या, "दे दे, पिऊ दे. लागलं फळ तर त्यालाही लागू दे." मामंजींना ठसका लागेपर्यंत हसू आलं.

रोबस्टा घाई करत नाही. फूल गळल्यावर फळ टाचणीच्या डोक्याएवढं होऊन महिनेन् महिने तसंच बसून राहतं. लाकूडतोड्या ठरल्याप्रमाणे आला, तेव्हा कोणाला काहीच सांगता येईना. मामंजींनी त्याला कॉफी पाजली आणि म्हणाले, "कुऱ्हाडीला धार लावून ठेव, पण दुसऱ्याच्या कामासाठी. माझं अजून ठरत नाहीये." नवऱ्याने फोरमनला काय कळवलं ते त्याने सांगितलं नाही, पण बॅग माळ्यावरून खाली आली नाही.

पावसाच्या दिवसांत एका सकाळी उघडीप होती. सूनबाई चढणीच्या मधल्या ओळीत गेली, जिथून कुंपणही दूर आणि टाकीही दूर. तिने एक ओली फांदी उलटून पाहिली. मग शेजारची. मग पुढच्या झाडाची. ती खाली धावत आली नाही, घसरायची भीती होती. सावकाश आली आणि म्हणाली, "मामंजी, चला."

ते आले. प्रत्येक पेरापाशी हिरव्या मण्यांचे झुबके बसले होते, एकमेकांना खेटून. मामंजींनी तोडून पाहिलं नाही, मोजलं नाही. त्यांनी फांदीखाली तळहात धरला, तान्ह्या मुलाच्या डोक्याखाली धरतात तसा, आणि पानांवरचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत वाहत गेलं तरी हात काढला नाही.

"अक्काला बोलाव," ते म्हणाले.

पुढच्या दोन वर्षांत मामंजींनी प्रत्येक तिसऱ्या ओळीवर बहिणीच्या बागेतली कलमं बांधली, वेगवेगळ्या झाडांची. आत्याबाई स्टुलावर बसून देखरेख करत आणि एकही कलम वाखाणत नसत. मामंजी त्यानंतर खूप वर्षं जगले. शेवटपर्यंत सकाळी चढणीवर जात. ते गेले ते एका हंगामाच्या शेवटी, पोती शिवून झाल्यावर, पायरीवर बसल्या बसल्या. आत्याबाई त्यांच्या मागे दीड वर्ष राहिल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी बाग सूनबाईच्या नावे केली आणि वर बजावलं की एकही झाड त्याच्या दिसण्यावरून काढायचं नाही. नवरा शहरात गेला नाही. खळ्याच्या कडेला त्याने दाणे सोलायचं यंत्र उभं केलं, आजूबाजूचे सगळे त्याच्याकडेच येऊ लागले आणि त्याचे हात जन्मभर ग्रीसने काळे राहिले. लाकूडतोड्याने पुढे लाकडाची वखार काढली. दरवर्षी कॉफी प्यायला तो येत असे.

सूनबाईला आता सगळे आजी म्हणतात. गुडघे चढू देत नाहीत. तोडणी तिची मुलगी बघते, आणि आईपेक्षा चांगली बघते. फूल उघडलं की सूनबाई मागच्या दारात खुर्ची टाकून बसते. ते दोन दिवस तिला जेवायला हाक मारलेली ऐकू येत नाही. घरचे आता हाक मारतच नाहीत, ताट तिथेच आणून देतात.